हाताला कळणारा रस्ता



वसंत ऋतूतल्या या व्याख्यानमालेत आपण साहित्य, इतिहास, अर्थकारण, अध्यात्म अशा विषयांवर विद्वानांची भाषणे ऐकता. त्या पंगतीत जुन्या मोटारीच्या पॉवर स्टिअरिंगचा विषय घेऊन एक कामगार कार्यकर्ता उभा राहतो, तेव्हा पुष्कळांना नवल वाटणे साहजिक आहे. हा विषय गॅरेजातला. तो व्यासपीठावर कशाला, असे मला चालकांपैकी एकांनी विचारलेही. मी त्यांना एवढेच म्हटले, की ज्या विषयावर गाडीत बसलेल्या माणसांचे प्राण आणि गाडी हाकणाऱ्या माणसाची भाकर अवलंबून असते, तो विषय चारचौघांत बोलण्यासारखा आहे.

मी इंजिनिअर नव्हे. माझी शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात, गॅरेजच्या खड्ड्यात उतरून आणि ड्रायव्हर, क्लीनर, फिटर यांचे अर्ज लिहून देता देता झाले. तेव्हा आज जे सांगणार आहे ते थोडे पुस्तकातले आहे आणि बरेचसे काळ्या हातांच्या माणसांकडून ऐकून, पाहून, पडताळून घेतलेले आहे.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. रस्ता हाताला कळणे म्हणजे काय?

बिरसीच्या भोवती धानाच्या बांध्या आहेत. आपल्यापैकी ज्यांनी नांगर धरला आहे त्यांना हे सांगावयास नको, की फाळ दगडाला लागला तर तो डोळ्यांना दिसण्यापूर्वी रुमण्यावरच्या हाताला कळतो. जमीन भिजली आहे की नुसती वरून ओली आहे, फाळ खोल गेला की वरवर चालला, हे सारे रुमणे सांगते. बंडी हाकणाऱ्याला कासऱ्यातून तसेच कळते. बैल अडला, बुजला, की थकला, हे मागे वळून न पाहणाऱ्या बैलाकडून कासऱ्याच्या ओढीने समजते. हत्यार जसे माणसाचा जोर कामापर्यंत पोचविते, तशी कामाची खबर माणसापर्यंत परत आणते. ही परतीची वाट शाबूत असेल तरच हत्यार चांगले.

आपल्या गावचा विमानतळ घ्या. ही धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने बांधली. आज तेथे वैमानिकांचे शिक्षण चालते. ज्या लहान विमानांवर ही मुले शिकतात, त्यांची हातातली दांडी आणि पंखांच्या व शेपटीच्या हलत्या फळ्या सळयांनी किंवा तारांनी जोडलेल्या असतात. वेग वाढला की दांडी घट्ट होते, वेग उतरला की ढिली पडते. हवेचा धरबंद सुटू लागला की तो हाताला जाणवतो. पुढे मोठी जेट विमाने आली. त्यांच्या फळ्या हलविणे माणसाच्या बळाबाहेरचे, म्हणून ते काम तेलाच्या दाबावर सोपविले. दांडी फुलासारखी हलकी झाली आणि एक नवेच संकट उभे राहिले. हाताला काहीच कळेना, आणि अजाणता जास्त जोर लागला तर विमान मोडण्याची भीती. तेव्हा इंजिनिअरांनी दांडीला स्प्रिंगा आणि दाबाची यंत्रे लावून मुद्दाम जडपणा परत आणला. विमान हवेतला आधार गमावण्याच्या बेताला आले म्हणजे दांडी जोराने थरथरविणारे यंत्रही बसविले. लाखो मोलाची यंत्रणा उभारून त्यांनी वैमानिकाला काय परत दिले? लहान विमानात जे फुकट मिळत होते तेच. मोटारीची कथा याच जातीची आहे.

मोटारीला तेलाच्या दाबाची मदत देण्याची खटपट अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने केली. तो पिअर्स-ॲरो कंपनीत मालमोटारींच्या विभागात होता. जड मालमोटारीचे चाक वळविताना ड्रायव्हरांचे खांदे कसे भरून येतात, हे त्याने पाहिले होते. 1926 साली त्याने आपली यंत्रणा मोटारीवर बसवून दाखविली. जनरल मोटर्सने तिच्यात रस घेतला, पण मंदीच्या काळात, 1934 च्या सुमारास, खर्च परवडत नाही म्हणून ती बाजूस ठेवली. मग महायुद्ध आले. चिलखती गाड्या इतक्या जड, की मदतीवाचून त्या वळविणे कठीण. तेथे डेव्हिसची कल्पना उपयोगी पडली. ज्या युद्धाने बिरसीला धावपट्टी दिली त्याच युद्धाने पॉवर स्टिअरिंगला पहिले मोठे काम दिले, असे म्हणावयास हरकत नाही. सामान्य खरेदीदाराला ते मिळाले 1951 साली, क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीत. त्यानंतर अमेरिकेत एका बोटाने गाडी वळविण्याची जाहिरातबाजी सुरू झाली, आणि थोड्याच काळात जाणत्या चालकांची तक्रारही सुरू झाली, की गाडी वळते खरी, पण रस्ता कळत नाही.

आपल्याकडे ही तक्रार फार उशिरा आली, कारण मदतच उशिरा आली. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना 1928 साली निघाला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्याला डॉज, प्लिमथ आणि पुढे फियाट गाड्या काढल्या. प्रीमियर पद्मिनी ही मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तोवर हजारो टॅक्सीवाल्यांनी ती निव्वळ मनगटाच्या बळावर वळविली. दाटीच्या बाजारात दिवसभर तसे चाक ओढणे म्हणजे काय, हे त्यांच्या खांद्यांना विचारावे. तेव्हा जुन्या जड स्टिअरिंगचे गोडवे गाण्यासाठी मी आलो नाही. ज्याचे जळते त्याला कळते. मदत मिळाली हे फार चांगले झाले. त्या मदतीमुळे उतारवयाच्या ड्रायव्हराला आणखी काही वर्षे काम करता येते, आणि स्टिअरिंगवर बसण्यास दंडाची ताकद ही अट उरली नाही, म्हणून स्त्रियांचा मार्गही मोकळा झाला. मदत हवीच. मात्र हात हलका करताना तो बहिरा करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता ही मदत चालते कशी ते पाहू. जुन्या पद्धतीच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये एक मळसूत्र असते. त्यावर एक मोठा नट चालतो आणि दोघांच्या मध्ये छर्रे फिरत असतात. चाक फिरविले की नट पुढेमागे सरकतो, तो ड्रॉप आर्म फिरवितो आणि आर्म पुढच्या चाकांना वळवितो. पॉवर स्टिअरिंगमध्ये याच नटाचा दट्ट्या केलेला असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना तेल असते. इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप तेल फिरवीत ठेवतो. सरळ रस्त्यावर तेल दोन्हीकडून मोकळे वाहते, कुणालाच ढकलीत नाही. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक बारीक पोलादी सळई असते, तिला टॉर्शन बार म्हणतात. आपण चाकाला पीळ दिला की ही सळई थोडीशी पिळली जाते, त्या पिळाने झडप उघडते आणि तेलाचा दाब दट्ट्याच्या एका बाजूला येतो. टायरमध्ये आपण तीसेक पौंडांची हवा भरतो. येथे जागच्या जागी चाक वळविताना तेलाचा दाब हजार पौंडांच्याही वर जातो. अशा दाबापुढे मनगटाचा काय पाड!

रस्ता मात्र आपली खबर उलट्या वाटेने पाठवीत असतो. पुढच्या चाकाची वळण्याची कणा-रेषा थोडी मागे कललेली असते, तिला कॅस्टर म्हणतात. सायकलचा पुढचा चिमटा कललेला असतो, तसेच हे. त्यामुळे चाक जमिनीला टेकते ती जागा त्या रेषेच्या मागे राहते आणि चालत्या गाडीचे चाक आपोआप सरळ होऊ पाहते. टायरही त्याला हातभार लावते. वळणावर टायरचा जमिनीला चिकटलेला पट्टा थोडा मुरडतो आणि त्याचा जोर मध्याच्या मागे पडतो, तोही चाकाला सरळ करू पाहतो. आता यातली सर्वांत मोलाची गोष्ट ऐका. वळण कडक झाले किंवा रस्ता ओला निघाला, तर त्या पट्ट्याचा मागचा भाग आधी सुटू लागतो. गाडी अजून घसरलेली नसते, पण चाक सरळ करणारा जोर कमी झालेला असतो. हातातले स्टिअरिंग एकाएकी हलके लागते. जाणता ड्रायव्हर तेवढ्यावर पाय उचलतो. घसरण्यापूर्वी मिळणारी ही सूचना आहे, आणि ती हाताला मिळते. डोळ्याला किंवा कानाला मिळत नाही.

ही सूचना वाटेत कशी हरवते, ते समजण्यासाठी एक साधे गणित मांडू. आकडे केवळ समजण्यापुरते. समजा, वळणावर रस्त्याचा जोर स्टिअरिंगपाशी दहा भाग येतो. मदत नसलेल्या गाडीत ते दहाही भाग हाताला लागतात. टायर सुटू लागले, जोर सातवर आला, तर हाताला तीन भागांचा फरक कळतो. आता मदत करणारे तेल दहातले नऊ भाग स्वतः उचलते असे धरा. हाताला एक भाग उरला. जोर सातवर आला तर हाताचा वाटा एकावरून सात दशांशावर येईल. फरक तीन दशांशाचा. आणि बॉक्समध्ये, सांध्यांमध्ये, किंगपिनमध्ये घर्षणच अर्ध्या भागाचे असेल, तर हा तीन दशांशाचा फरक त्या घर्षणातच मुरून जाईल. खबर निघाली खरी, पण वाटेत दलालाने खाल्ली.

या गणितातून दुरुस्तीचा क्रम आपोआप निघतो. आधी घर्षण आणि ढिलाई काढा. मग रस्त्याकडून येणारा जोर वाढविता येतो का ते पाहा. मदत कमी करण्याचा विचार सर्वांत शेवटी. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा केला जातो आणि पैसे व वेळ वाया जातात.

येथे एक प्रत्यक्ष घडलेली हकीकत सांगतो, कारण मी या विषयाकडे वळलो तो तिच्यामुळे. 1995 पासून पिंपरीला, टेल्कोच्या आवारात, मर्सिडीज-बेंझच्या ई 220 गाड्या जुळविल्या जाऊ लागल्या. डब्ल्यू 124 या खुणेने ओळखली जाणारी ती मोठी, मजबूत गाडी. तिला छर्ऱ्यांचा स्टिअरिंग बॉक्स आणि तेलाची मदत. आज त्या गाड्या जुन्या झाल्या आहेत आणि शौकीन लोक त्या जपून वापरतात. आपल्या भागातल्या राईस मिलच्या एका मालकांकडे अशी गाडी होती. त्यांचा ड्रायव्हर आमच्या संघटनेचा सभासद, बारा वर्षे त्यांच्याकडे नोकरीला. रायपूरच्या हमरस्त्यावर गाडी सरळ जाईना, सारखी इकडेतिकडे होऊ लागली. मालक मागे बसलेले. ड्रायव्हर झोपतो किंवा पितो, असा त्यांनी समज करून घेतला आणि त्याला घरी बसविले.

तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘भाऊ, गाडी पोहते जी. हात धरून ठेवला तरी समजत नाही काही.’

मी मालकांकडे गेलो. भांडण करण्याआधी एक विनंती केली, की शेठजी, आपण स्वतः पाच मैल चालवून पाहा. ते सरळ गृहस्थ होते, तयार झाले. परत आले तेव्हा घामाघूम झाले होते. गाडी त्यांच्याही हातात तशीच पोहत होती.

मग एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी पहिल्याने टायर पाहिले. पुढची दोन टायरे दोन जातींची, एकात हवा चोवीस पौंड, दुसऱ्यात बत्तीस. मग गाडीखाली शिरून एका माणसाला स्टिअरिंग हलवावयास सांगितले आणि स्वतः एकेका सांध्यावर बोट ठेवून पाहिले. टाय रॉडचे सांधे बरे होते. आयडलर आर्मचा बुश मात्र संपला होता. चाक हलविले की आर्म आधी स्वतः डुलत होता. शेवटी त्यांनी पुढची चाके जमिनीवरून उचलून स्टिअरिंग हळूहळू फिरविले. मध्यावर ते चिकटत होते. मिस्त्री म्हणाले, ‘कोणी तरी बॉक्सचा स्क्रू आवळला आहे.’

झाले होते ते असे. बुश गेल्यामुळे स्टिअरिंगला प्ले आला होता. आधीच्या एका गॅरेजने बुश पाहिलाच नाही आणि बॉक्सवरचा स्क्रू आवळून प्ले लपविला. बॉक्समध्ये घर्षण वाढले. चाक मध्यावर आपण होऊन येईना. ड्रायव्हरला दर क्षणाला हाताने थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे सावरावे लागले. जी गाडी पोहत होती ती त्या घर्षणामुळे, आणि दोष आला ड्रायव्हरच्या डोळ्यांवर.

नवा बुश घातला. बॉक्सचा स्क्रू सोडून, कारखान्याच्या पुस्तकात दिलेल्या मापाने, ओढ मोजून पुन्हा लावला. तेल बदलले, पट्टा ताणला, टायरे एका जातीची करून हवा सारखी केली आणि अलाइनमेंट करून घेतली. पंपाला हात लावला नाही. गाडी सरळ चालू लागली आणि वळणावर टायरची खबर पुन्हा हाताला येऊ लागली. मालकांनी ड्रायव्हरला परत घेतले आणि घरी बसविलेल्या दिवसांचा पगारही दिला. त्यांचा मोठेपणा मी मान्य करतो. पण गाडी खड्ड्यावर घेतली नसती तर त्या माणसाची बारा वर्षे एका स्क्रूपायी गेली असती.

आता याच्या पुढची पायरी. सर्व सांधे ठीक, टायर ठीक, बॉक्स ठीक, आणि तरीही स्टिअरिंग मुके असेल तर काय करावे? साठीच्या दशकातल्या अनेक अमेरिकन गाड्यांची गोष्ट अशी आहे. त्या काळच्या तिरप्या धाग्यांच्या टायरांसाठी, आणि हात हलका राहावा म्हणून, त्यांचा कॅस्टर फार थोडा ठेवलेला असे. आज त्यांना रेडियल टायरे घालतात. तेलाची मदत आहे म्हटल्यावर जडपणाची भीती नाही. तेव्हा गाडीच्या रचनेत जेवढी सोय आहे तेवढा कॅस्टर वाढवावा. रस्त्याचा जोर वाढतो, चाक मध्यावर परत येते आणि बोलते. दोन्ही चाकांचा कॅस्टर मात्र सारखा हवा, नाही तर गाडी एका अंगाला ओढेल. आमच्या हकीकतीतल्या मर्सिडीजमध्ये तो मुळातच भरपूर आहे, म्हणून तेथे हे करण्याचे कारण पडले नाही.

इतके करूनही भागले नाही तर मदत कमी करण्याकडे वळावे. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. पंपाचा जास्तीत जास्त दाब उतरविला की रस्ता कळू लागेल, असे पुष्कळांना वाटते. तो दाब लागतो जागच्या जागी चाक वळविताना. हमरस्त्यावर, मध्याच्या आसपास, तेवढा दाब कधी येतच नाही. मग तो उतरवून तेथे फरक कसा पडणार? उलट बाजारात गाडी लावताना स्टिअरिंग दगडासारखे होईल. फरक पडतो तो दोन ठिकाणी. एक, पंपाकडून दर मिनिटाला येणारे तेल थोडे कमी करणे. झडप तेवढीच उघडली तरी दाब कमी चढतो आणि हाताचा वाटा वाढतो. पण तेल फार कमी केले तर एकदम जोरात वळविताना पंप पुरा पडत नाही आणि ऐन संकटात चाक जड होते. कुत्रे किंवा रानडुक्कर आडवे आले म्हणजे हेच घडावयाचे, आणि नागझिऱ्याच्या बाजूने जाणाऱ्यांना ते आडवे येतातच. दुसरा उपाय टॉर्शन बारचा. जाड सळईचा बॉक्स घातला तर झडप उघडण्यास हाताला जास्त पीळ द्यावा लागतो. हा उपाय खरा, पण खर्चाचा, आणि जाणत्या कारागिराचा.

लहान व्यासाचे चाक बसविणारेही आहेत. त्याने हात जड होतो, पण जडपणा म्हणजे खबर नव्हे. आणि चालता चालता इंजिन बंद पडले तर तेलाची मदत त्याच क्षणी जाते; मळसूत्राची जोड राहते, पण सारा भार मनगटावर येतो. त्या वेळी लहान चाकाने तरफेचा जोर गमावलेला असतो. याच कारणासाठी डिझेल वाचविण्याकरिता उतारावर इंजिन बंद करण्याची जुनी खोड पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत प्राणघातक आहे, हे मी प्रत्येक सभेत सांगतो.

शिवाय कायद्याचीही मर्यादा आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन घालते. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद करण्याचे नियम 2021 साली आले, त्यांतही गाडी मूळ रूपात असण्याची अपेक्षा आहे. म्हणून कारखान्याने दिलेल्या मापांच्या आत राहून, कारखान्याच्याच सुट्या भागांनी, परत पूर्ववत करता येईल असे काम करावे. जुन्या गाडीचे भले त्यातच आहे.

आता माझ्या मूळ धंद्याकडे येतो. ड्रायव्हरची तक्रार वहीत कशी लिहिली जाते? ‘स्टिअरिंग बरोबर नाही.’ त्याखाली दुसऱ्या दिवशी शेरा पडतो, ‘तपासले, ठीक आहे.’ एका डेपोत अशा शेऱ्यांची पाने मी पाहिली आहेत. लिहिणारा खोटे बोलत नव्हता आणि तपासणाराही कदाचित नव्हता. उभ्या गाडीचे चाक फिरवून पाहिले तर ते ठीकच लागते. ड्रायव्हरच्या हाताला जे कळले ते कागदावर उतरले नाही, एवढेच.

म्हणून आम्ही ड्रायव्हर आणि फिटर यांना एकत्र बसवून शब्द ठरविले. गाडी ‘पोहते’ म्हणजे मध्यावर चाक हलविले तरी गाडी ऐकत नाही: सांध्यांचा प्ले, बॉक्स आणि टायर पाहा. ‘ओढते’ म्हणजे हात सोडला की एका अंगाला जाते: हवा, ब्रेक आणि दोन्ही बाजूंचा कॅस्टर पाहा. ‘परत येत नाही’ म्हणजे वळण संपले तरी चाक सरळ होत नाही: किंगपिनचे ग्रीस आणि आवळलेला बॉक्स पाहा. ‘धक्क्याने जड होते’ म्हणजे मध्येच मदत तुटते: पट्टा, तेलाची पातळी आणि तेलात शिरलेली हवा पाहा. आणि ‘मुकी आहे’ म्हणजे वळते, परत येते, पण रस्ता सांगत नाही: आधी घर्षण, मग कॅस्टर, मग मदत. त्याबरोबर किती वेगाला, कोरड्यावर की ओल्यावर, भरलेली की रिकामी, हेही लिहावयाचे. एवढे केल्यावर शेरा मारून मोकळे होणे फिटरला अवघड झाले, आणि खरे सांगावयाचे तर त्याला ते आवडलेही, कारण आता काय शोधावयाचे हे त्याला कळत होते.

या गोष्टीत मला कामगार चळवळीचा एक मोठा धडा दिसतो. हातात असलेले ज्ञान शब्दांत आले नाही तर त्याची किंमत होत नाही, आणि किंमत झाली नाही की दोष त्या हातांवर येतो. ड्रायव्हर अपघातानंतरच्या चौकशीत ‘गाडी ऐकली नाही’ एवढेच म्हणतो. साहेब विचारतात, ऐकली नाही म्हणजे काय? तेथे त्याची जीभ अडते. त्याच्या हाताने जे ओळखले होते त्याला नाव देण्यास त्याला शिकविणे, हे मी संघटनेचे काम समजतो. पगारवाढीच्या मागणीइतकेच ते महत्त्वाचे आहे.

नव्या गाड्यांत तेलाची जागा विजेच्या मोटरने घेतली आहे. तेथे हाताला किती जड लागावे हे कारखान्यात बसलेला माणूस आकड्यांनी ठरवितो. हे वाईटच असेल असे मी म्हणत नाही. चांगले आकडे ठरविता येतात, जसा विमानात जडपणा परत आणता आला. पण ते आकडे ठरविताना ज्याचा हात दिवसाचे दहा तास त्या चाकावर असतो त्याला कुणी विचारते काय? माझी मागणी साधी आहे. मोठ्या ताफ्याची गाडी खरेदी करण्यापूर्वी ती ओल्या आणि खराब रस्त्यावर चालवून पाहण्यासाठी अनुभवी ड्रायव्हर सोबत न्यावेत आणि त्यांचे मत लेखी घ्यावे. स्टिअरिंगची दुरुस्ती झाली की ज्याने तक्रार केली त्यानेच गाडी चालवून सही करावी, त्याशिवाय काम पुरे झाले असे धरू नये. आणि अपघाताच्या चौकशीत ड्रायव्हरचा जबाब घेण्याच्या आधी गाडी खड्ड्यावर घ्यावी.

येथे जे शौकीन लोक जुन्या गाड्या जपतात, त्यांनाही एक विनंती आहे. आपल्या गाडीचे स्टिअरिंग सुधारावयाचे ठरविलेत, तर पंप उघडण्यापूर्वी हवा भरण्याच्या नळीपासून सुरुवात करा, आणि गाडी रोज कोण चालवितो त्याला आधी विचारा. इंजिनिअरने लिहिलेले पुस्तक आपण जरूर वाचा. त्याच्या शेजारी त्या माणसाचे दोन शब्दही लिहून ठेवा.

पुढच्या महिन्यात पाऊस लागेल, रस्ते ओले होतील, आणि टायर सुटण्याची ती हलकी सूचना अनेकांच्या हातात येईल. ती त्यांना वेळेवर कळो.